दारावरची खूण, आतला निरोप

रोगप्रतिकारशक्तीला रसायनशास्त्राची भाषा देणारे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांचे आयुष्य. आणि त्यांच्या चित्रात कोरी राहिलेली जागा पुढच्या शतकाने कशी भरत नेली, त्याची ही कथा.

पूर्वी सराफाच्या पेढीवर तराजूशेजारी गुंजांची डबी असे. लालभडक बी आणि टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हा हिशेब मागच्या पिढ्यांना तोंडपाठ होता. ही देखणी बी विषारी असते, हेही खेड्यापाड्यांतल्या माणसांना ठाऊक होते. पण याच गुंजेच्या विषाने १८९१ साली बर्लिनमधल्या एका प्रयोगशाळेत वैद्यकशास्त्राला वेगळे वळण दिले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. तो प्रयोग करणाऱ्या माणसाचे नाव पॉल एर्लिख.

एर्लिख यांची ओळख बहुतेकांना असते ती उपदंशावरच्या पहिल्या प्रभावी औषधाचे जनक म्हणून. त्यांच्यावर १९४० साली हॉलिवूडने चित्रपट काढला, तोही त्याच औषधाच्या नावाने. पण त्यांचे खरे मोठेपण त्याच्या आधीच्या एका कल्पनेत आहे. शरीरातल्या पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट आकाराचे रेणू असतात, बाहेरचा पदार्थ त्यांच्यात नेमका बसला तरच पेशीला तो कळतो, असे त्यांनी सांगितले. आज ज्याला आपण रिसेप्टर किंवा ग्राही रेणू म्हणतो, त्याची ही जन्मकथा आहे. मात्र बाहेर काहीतरी बसले हा निरोप पेशीच्या आत पोचतो कसा, हा प्रश्न एर्लिख यांना सोडवता आला नाही. त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढे कित्येक मुलांचे प्राण अवलंबून होते.

रंगांचा नाद

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातल्या श्ट्रेलेन या लहानशा गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील खाणावळ आणि मद्याचा व्यवसाय सांभाळत. घरची स्थिती बरी होती. आईच्या माहेरच्या नात्यातला कार्ल वायगर्ट हा पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. पुढे तो नामांकित विकृतिशास्त्रज्ञ झाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या उती कृत्रिम रंगांनी रंगवण्याचा नाद पॉलला लागला तो त्याच्यामुळे.

तो काळच रंगांचा होता. पॉल दोन वर्षांचा असताना, १८५६ साली, लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने डांबरापासून कोयनेल बनवण्याच्या खटपटीत चुकून जांभळा रंग तयार केला. त्यानंतर जर्मनीत रंगांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. कापडासाठी बनणारे हे रंग काही जिज्ञासू डॉक्टरांनी शरीरातल्या उतींवर वापरून पाहिले. एकच रंग एका पेशीला पकडतो आणि शेजारच्या पेशीला सोडून देतो, हे त्यांना दिसले.

इतरांच्या दृष्टीने ही नुसती सोय होती. पॉलला मात्र त्यात कोडे दिसले. विद्यार्थिदशेत त्याच्या वाचनात शिशाच्या विषबाधेवरचे एक पुस्तक आले. शिसे शरीरात सगळीकडे सारखे पसरत नाही, काही अवयवांतच साठते, असे त्यात होते. मग असे का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला. पेशी आणि पदार्थ यांच्यात काहीतरी रासायनिक जवळीक असली पाहिजे, या एकाच विचाराभोवती त्याचे सारे आयुष्य पुढे फिरत राहिले.

ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइप्झिग अशी विद्यापीठे त्याने पालथी घातली. अभ्यासक्रमात लक्ष कमी आणि रंगांच्या बाटल्यांत जास्त. रॉबर्ट कॉख ब्रेस्लाऊला आले असता, हा मुलगा रंगकामात तरबेज आहे पण परीक्षा काही पास व्हायचा नाही, अशी त्याची ओळख करून देण्यात आली होती, अशी आख्यायिका आहे. १८७८ साली पॉलने उती रंगवण्याच्या शास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टरकी मिळवली. त्याच सुमारास त्याने दाणेदार पोटाच्या एका नव्या पेशीचे वर्णन केले. दाण्यांनी गच्च भरलेली ही पेशी भरपूर पोसलेली असावी, या समजुतीने त्याने तिला ‘मास्ट’ पेशी असे नाव दिले. परागकणांनी येणाऱ्या शिंका आणि अंगावर उठणारे पित्त यांमागे हीच पेशी असते, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रेरिख्स यांच्या हाताखाली एर्लिख यांना मोकळीक मिळाली. तिथे त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आम्लधर्मी, अल्कधर्मी आणि उदासीन रंग देऊन त्यांचे प्रकार वेगळे केले. आज पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल अशी नावे छापलेली असतात. ती नावे म्हणजे कोणत्या पेशीला कोणता रंग आवडतो याची एर्लिख यांनी केलेली नोंद आहे.

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. एर्लिख त्या सभेत होते. जंतू रंगवण्याची अधिक चांगली पद्धत शोधायला त्यांनी लगेच सुरुवात केली. रंगवलेल्या काचपट्ट्या त्यांनी विझलेल्या शेगडीवर वाळत ठेवल्या आणि नकळत कोणीतरी शेगडी पेटवली. पट्ट्या तापल्या, आणि उष्णतेमुळे रंग जंतूंवर पक्का बसला, असे सांगतात. थुंकीतला क्षयाचा जंतू ओळखण्याची आजची पद्धत याच वाटेने आलेली आहे. पुढे एर्लिख यांच्या स्वतःच्याच थुंकीत हे जंतू सापडले. १८८८ साली ते पत्नी हेडविग यांच्यासह हवापालटासाठी इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

गुंज, एरंड आणि उंदीर

परतल्यावर त्यांनी हाती घेतला तो विषांचा प्रयोग. एरंडाच्या बियांतले रिसिन आणि गुंजेतले ॲब्रिन ही दोन जहाल प्रथिने त्यांनी निवडली. उंदरांना अन्नातून अगदी थोडे विष द्यायचे आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. काही आठवड्यांत हे उंदीर एरवी मारक ठरणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट विष पचवू लागले. इथवर नवल नव्हते. विषकन्येच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. नवल पुढेच होते. एरंडाच्या विषाला सरावलेल्या उंदराला गुंजेचे विष दिले की तो मरे. गुंजेला सरावलेला उंदीर एरंडाच्या विषाने मरे. म्हणजे शरीर सरसकट बळकट होत नव्हते. एका विषाची नेमकी ओळख पटून त्यावर नेमका उतारा तयार होत होता.

लगोलग एर्लिख यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. विषाला सरावलेल्या बापाची पिल्ले निराधारच राहतात, आईची मात्र सुरक्षित असतात. साध्या आईची पिल्ले सरावलेल्या मादीच्या दुधावर वाढवली तर त्यांनाही संरक्षण मिळते. आईच्या दुधातून संरक्षण मिळते, याचा तो प्रयोगसिद्ध पुरावा होता.

याच सुमारास एमिल बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषांवर रक्तद्रवात उतारा तयार होतो, हे सिद्ध केले होते. घटसर्प त्या काळी युरोपात मुलांचा काळ होता. घोड्यापासून मिळवलेली लस, म्हणजे सीरम, टोचून मूल वाचू शकत होते, पण एका बाटलीतले सीरम जालीम तर दुसऱ्या बाटलीतले निकामी, अशी स्थिती होती. एर्लिख यांनी सीरमची ताकद मोजण्याचे एकक ठरवले आणि त्याचे प्रमाणित नमुने कोरड्या स्वरूपात, निर्वात नळीत जतन केले. त्यामुळे डॉक्टरांना मात्रेचा भरवसा आला. पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेरिंग यांना मिळाले. सीरमच्या व्यवसायातला मोठा लाभही त्यांच्याच पदरी पडला, आणि दोघांच्या मैत्रीत कायमची अढी बसली.

पार्श्वसाखळ्या

सीरम मोजता मोजता एर्लिख यांच्या मनातला जुना विचार पूर्ण आकाराला आला. १८९७ साली त्यांनी तो मांडला आणि १९०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चित्रांसह समजावून सांगितला. प्रत्येक पेशीला बाजूंनी निरनिराळ्या आकारांच्या साखळ्या असतात, असे त्यांनी मानले. पेशी त्यांच्या साहाय्याने अन्नाचे रेणू पकडते. एखाद्या विषाच्या रेणूचा आकार योगायोगाने त्यांतल्या एका साखळीशी जुळतो, तो तिथे कुलपात किल्ली बसावी तसा बसतो आणि ती साखळी निकामी होते. मग पेशी ती भरून काढण्यासाठी तशाच साखळ्या तयार करते, त्याही गरजेपेक्षा कितीतरी अधिक. जादा झालेल्या साखळ्या गळून रक्तात येतात. रक्तात फिरणारा उतारा, म्हणजेच प्रतिपिंड, तो हाच.

सिद्धांत सुटसुटीत होता आणि त्याची चित्रे कोणालाही कळण्यासारखी होती. एर्लिख ती रंगीत पेन्सिलींनी कुठेही काढत. कागद नसेल तर टेबलावरची चादर चाले, बुटाचा तळही चाले. चिरूट सतत हातात, खोलीत पुस्तकांचे ढीग इतके की पाहुण्याला बसायला खुर्ची मोकळी नसे. सहकाऱ्यांना दिवसाची कामे ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून देत. करमणुकीला गुप्तहेरकथा लागत.

मात्र त्या चित्रांकडे आज पाहिले की एक गोष्ट जाणवते. पेशीच्या कडेवर साऱ्या हालचाली चालल्या आहेत, आत काहीच नाही. साखळी अडकली हे पेशीला कळले कसे? जादा साखळ्या बनवण्याचा हुकूम कोणी, कोणाला दिला? एर्लिख यांनी इथे आपल्या नातलगाचे, वायगर्टचे, तत्त्व उसने घेतले. इजा झालेला जीव नुकसान भरून काढताना गरजेपेक्षा अधिक भरून काढतो, असे ते तत्त्व होते. हाड मोडल्यावर तिथे जाड गाठ येते, तसेच. हे वर्णन होते, कारण नव्हते. पण त्या काळी पेशीच्या आत डोकावण्याची साधनेच नव्हती.

टीकाकार अर्थात होते. ब्रसेल्सच्या ज्यूल बोर्दे यांना हा कुलूप-किल्लीचा मामला फार यांत्रिक वाटे. पॅरिसमध्ये इल्या मेचनिकॉफ जंतू गिळणाऱ्या पेशींना श्रेय देत, एर्लिख रक्तातल्या द्रव्यांना. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले, आणि आज दोघेही बरोबर ठरले आहेत.

युलियस मॉर्गेनरोथ यांच्यासोबत बकऱ्यांवर केलेले प्रयोगही याच काळातले. एका बकरीला दुसऱ्या बकरीचे रक्त टोचले तर त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत. स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध ती कधीच होत नसत. शरीर आपल्याच पेशींवर उलटू नये यासाठी काही आवर असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा आवर सुटला तर काय होते, ते आज संधिवाताच्या आणि इतर कित्येक विकारांच्या रुग्णांना सोसावे लागते.

क्रमांक ६०६

उतारा जर विषाला नेमका शोधून जडतो, तर तसेच एखादे रसायन माणसाच्या हाताने का बनवता येऊ नये? जंतूला जडेल आणि माणसाला सोडून देईल, अशी ही जादूची गोळी. १८९९ पासून एर्लिख फ्रँकफर्टला होते. तिथे फ्रान्झिस्का श्पायर या धनिक विधवेच्या देणगीतून १९०६ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र संशोधनगृह उभे राहिले. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी आर्सेनिकयुक्त रसायने एकामागून एक बनवली. त्यांतले ६०६ क्रमांकाचे रसायन आधी निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी १९०९ साली ते उपदंश झालेल्या सशांवर पुन्हा तपासले आणि ससे बरे झाले. १९१० साली हे औषध साल्वार्सान या नावाने बाजारात आले. त्याआधी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना चाचणीसाठी मोफत वाटल्या गेल्या होत्या.

कीर्तीपाठोपाठ बदनामीही आली. औषध देणे अवघड होते, चुकले तर अपाय होई, काही रुग्ण दगावलेही. ज्यूद्वेष्ट्यांना निमित्त मिळाले. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात वेश्यांवर हे औषध सक्तीने वापरले जाते, असा आरोप एका पत्रकाराने केला. १९१४ साली त्याच्यावर खटला झाला, एर्लिख यांना साक्ष द्यावी लागली आणि आरोप करणाऱ्याला शिक्षा झाली. पण या प्रकाराने ते खचले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. जर्मनीच्या युद्धनीतीचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही आहे. चरित्र लिहिताना ही नोंद गाळून चालणार नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ६१.

नाझी राजवटीत फ्रँकफर्टमधल्या रस्त्यावरून त्यांचे नाव पुसले गेले, हेडविगबाईंना देश सोडावा लागला. शरीर आपल्याच पेशींवर उलटण्याचे भय ज्याने जगाला सांगितले, त्याच्याच घरावर त्याचा देश उलटला. युद्धानंतर जर्मनीने ती चूक दुरुस्त केली. २०० मार्कांच्या शेवटच्या नोटेवर, युरो येईपर्यंत, एर्लिख यांचेच चित्र होते.

कोऱ्या जागेतले कोडे

त्यांच्या सिद्धांताचे पुढे काय झाले? कृत्रिम रसायनांविरुद्धही शरीर प्रतिपिंडे बनवते, असे कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवले. निसर्गात कधीच नसलेल्या पदार्थासाठी साखळी आधीपासून तयार कशी असेल, या प्रश्नाने एर्लिख मागे पडले. १९५७ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी तोच विचार सुधारून आणला. एका पेशीवर एकाच आकाराचे ग्राही असतात, पण अशा असंख्य निरनिराळ्या पेशी शरीरात फिरत असतात. ज्या पेशीला तिचा जोडीदार भेटतो तीच वाढते. १९७६ साली सुसुमु तोनेगावा यांनी जनुकांचे तुकडे जुळवून इतके आकार कसे घडतात ते दाखवले. १९८४ साली टी-पेशींचा ग्राही सापडला. दारावरची खूण अशी पुरती स्पष्ट झाली.

पण लगेच नवे कोडे पडले. या ग्राहीचा पेशीच्या आत शिरणारा भाग जेमतेम शेपटीएवढा होता. निरोप नेण्याजोगे त्यात काहीच नव्हते. मग निरोप कोण नेतो?

उत्तराचा धागा दुसरीकडे मिळाला होता. प्रथिनावर फॉस्फेटचा लहानसा गट चिकटवला की त्याचे काम सुरू होते किंवा थांबते, हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात शोधले होते. कपाळावर टिकली लावावी आणि पुसावी, असा हा मामला आहे. टिकली लावणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात, पुसणाऱ्यांना फॉस्फटेज. १९७९ साली कॅलिफोर्नियात टोनी हंटर यांनी प्रयोगासाठी जुने, आम्लता किंचित बदललेले द्रावण वापरले. त्यामुळे एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले, आणि टायरोसिन या अमिनो आम्लावरही टिकली लागते हे कळले. प्रतिकारपेशींचा बराचसा निरोप याच टायरोसिनवरच्या टिकल्यांनी लिहिलेला असतो.

१९८९ साली मिखाएल रेट यांनी ग्राहीच्या शेजारी बसणाऱ्या प्रथिनांच्या शेपट्यांची तुलना केली. ठरावीक अंतरावर दोन टायरोसिन, अशी एकच ठेवण त्यांना सगळीकडे आढळली. ते काम करत होते फ्रायबुर्गला, जिथे एर्लिख कधीकाळी शिकले होते. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत आर्थर वाइस आणि ब्रायन अर्विंग यांनी अशी एक शेपटी मूळ ग्राहीपासून तोडून भलत्याच प्रथिनाला जोडली. तरीही पेशी जागी झाली. निरोप देण्याचे काम शेपटीचेच आहे, हे सिद्ध झाले.

आज हा प्रवास बराच उलगडला आहे. टी-पेशीला ओळखीचा तुकडा भेटला की आतल्या बाजूला असलेले एलसीके नावाचे कायनेज त्या शेपट्यांवर टिकल्या लावते. जोडटिकली दिसताच झॅप-७० नावाचे प्रथिन तिथे येऊन नेमके बसते. एका बाजूला दोन टिकल्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच मापाचे दोन खळगे. म्हणजे आतही पुन्हा एर्लिख यांचे कुलूप-किल्लीच! झॅप-७० जागे होऊन लॅट नावाच्या प्रथिनावर टिकल्या लावते. लॅटभोवती इतर प्रथिनांचा जमाव जमतो, त्यांतले एक पेशीपटलातल्या स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करते. एक तुकडा पेशीतले कॅल्शियमचे साठे उघडतो. कॅल्शियम वाढले की कॅल्सिन्युरिन नावाचे फॉस्फटेज एनफॅट या प्रथिनावरच्या टिकल्या पुसते, आणि ते केंद्रकात शिरून जनुके चालू करते. पाण्याच्या टंचाईत माणसे रांगेने उभी राहून हातोहाती कळशी पुढे देतात, तसे हे चालते. फरक इतकाच, की इथे प्रत्येक हात कळशी पुढे देतो ती दहा जणांना. कॅल्शियम वाढण्यापर्यंतचा हा सारा खेळ एखाद्या मिनिटाच्या आत होतो.

एर्लिख यांच्या मास्ट पेशीतही हीच तऱ्हा आहे, फक्त नावे वेगळी. झॅप-७० च्या जागी तिथे सिक नावाचे त्याचे भावंड असते, आणि साखळी पूर्ण झाली की ते दाणे फुटून हिस्टामिन बाहेर पडते.

रांगेतला एक हात

एवढ्या लांब रांगेत एकच माणूस गैरहजर असेल तर? १९५२ साली अमेरिकेत वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात डॉ. ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पुन्हा पुन्हा रक्तात जंतुसंसर्ग होई. तपासणीत आढळले, की त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा जवळजवळ पत्ताच नाही. ब्रूटन यांनी त्याला दर महिन्याला इतरांच्या रक्तातली प्रतिपिंडे टोचली आणि मुलगा सावरला. असे आजारी मुलगे इतरत्रही आढळू लागले. १९९३ साली कारण सापडले. बी-पेशींच्या आत निरोप पुढे नेणारे एक कायनेज या मुलांत सदोष असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुलग्यांनाच होतो. निरोप मधेच अडल्याने बी-पेशी अस्थिमज्जेतच वाढायच्या थांबतात. या प्रथिनाला ब्रूटन यांचेच नाव मिळाले, बीटीके. झॅप-७० सदोष असलेली मुलेही १९९४ साली आढळली. पेशींवरचे ग्राही शाबूत, जंतूची ओळखही पटते, पण आत निरोपच जात नाही. एर्लिख यांच्या चित्रातल्या कोऱ्या जागेची किंमत ही मुले मोजत होती.

आणि याच जागेत त्यांच्या दुसऱ्या स्वप्नाला, जादूच्या गोळीला, नवी लक्ष्ये मिळाली. काही रक्तकर्करोगांत बी-पेशींना वाढीचा निरोप अखंड मिळत राहतो. त्यावर बीटीकेला कायमचे चिकटून ते बंद पाडणारे इब्रुटिनिब हे औषध २०१३ साली अमेरिकेत मान्य झाले. पदार्थ जडल्याशिवाय काम करत नाही, असे एर्लिख आयुष्यभर सांगत. हे औषध त्या सूत्राचा अक्षरशः पुरावा आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना मिळणारे सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिनला रोखते. संधिवातावरचे टोफासिटिनिब जॅक नावाच्या कायनेजला रोखते. उलट, पीडी-१ नावाचा ग्राही आत टिकल्या पुसणारे प्रथिन बोलावून टी-पेशीला आवरतो. एर्लिख यांनी तर्काने मानलेल्या आवरांपैकी हा एक. कर्करोग त्याचा गैरफायदा घेतो. हा लगाम सोडवणारी औषधे आज अनेक रुग्णांना जगवत आहेत.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांच्यावर एक कृत्रिम ग्राही बसवतात आणि त्या परत शरीरात सोडतात. या ग्राहीचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाचा तुकडा आहे, कर्करोगाच्या बी-पेशीवरची खूण ओळखणारा. आतला भाग आहे टिकल्या लागणारी शेपटी, अर्विंग आणि वाइस यांनी तपासली होती तीच. अर्धा ग्राही एर्लिख यांच्या चित्रातला आणि उरलेला अर्धा त्या चित्रातल्या कोऱ्या जागेतला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. दोन्ही भाग जोडल्याशिवाय पेशी काहीच करत नाही. नुसती ओळख पुरत नाही, ती आतपर्यंत कळवावी लागते.

कोरी जागा तरीही पूर्ण भरलेली नाही. बाहेर खूण जुळली त्या क्षणी आत पहिली टिकली लागते ती नेमकी कशामुळे, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. ग्राही खेचला जाऊन त्याचा आकार बदलतो, असे काही म्हणतात. टिकल्या पुसणारी प्रथिने त्या जागेवरून बाजूला ढकलली जातात, असे दुसरे म्हणतात. दोन्ही बाजूंचे लोक आपापली चित्रे काढून दाखवतात. त्या चित्रांतही पेशीची एक कड असते, बाहेर एक आकार असतो, आणि त्याच्यात नेमका बसणारा दुसरा.